खाणीवरची काटी

सकाळी उठल्या उठल्या ज्योतीराम कुंभाराने चिमूटभर राख वर उडवून वारा पाहिला. राख सरळ त्याच्या पायावर येऊन पडली.

"पडलाय वारा!" तो ओरडला. "आज पेटवायची!"

तेवढ्यावर सगळं घर जागचं हललं. त्याची बायको शालन चुलीपुढून उठली ती हातात तवा घेऊनच बाहेर आली. धाकटा भाऊ कोंडाजी गाढवांच्या गोणी सोडत होता, तो हातातली गोणी तशीच टाकून धावला. त्याच्या म्हाताऱ्या आईने, अंबूबाईने, भिंतीला धरून उठता उठता विचारलं, "कुंकवाचा करंडा कुटं ठिवला गं?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच शोधायला लागली.

पिंपळे गुरवच्या खालच्या अंगाला, पवनेच्या काठावर त्यांचं घर होतं. घरामागे भट्टी रचली होती. ती या खेपेला घरापेक्षा उंच झाली होती. पिंपरीला कारखाना उभा राहिला, कामगारांसाठी चाळी बांधायला निघाल्या, आणि गाडगी-मडकी करणाऱ्या ज्योतीरामाने गेल्या काही वर्षांत विटांचा साचा हातात धरला. एवढी मोठी भट्टी मात्र त्याने कधी लावली नव्हती. थंडी सरल्यापासून घरातला प्रत्येकजण माती तुडवत होता. शालनच्या टाचांना पडलेल्या भेगांत माती जाऊन बसली होती आणि ती आता धुऊन निघत नव्हती.

ऊन चढायच्या आत खडकीहून इब्राहिम शेठ आला. कारखान्याच्या चाळींना विटा पोचवायचा मक्ता त्याच्याकडे होता. भट्टीला एक फेरी मारून तो खूश होऊन म्हणाला, "काय रे कुंभारा, घर बांधलंस का किल्ला?"

"किल्लाच म्हना शेठ. फकस्त आत राजा न्हाई, इस्तू हाय."

"माझे गाडीवाले रोज विचारतात, भट्टी कधी उघडतो. आणि ऐक, त्या मातीपट्टीचं काय केलंस?"

ज्योतीरामाचा हात थांबला. तो भट्टीच्या तोंडात वाळकी लाकडं सारत होता. "काय करायचंय? प्रांताकडं अर्ज पडलाय. खाणीवर काटी रोवलीय."

"काटी गावाला कळते. कचेरीला कळते का?"

"कळंल."

"मी उचल देतो. विटांत वळती करू. भरून टाक आणि मोकळा हो. भांडण काय, नंतर पण करता येतं."

"शेठ, भरली की माती त्येंची झाली. कुंभाराला नदीची माती माफ हाय, पणज्यापासनं. आता म्हनत्यात, मडक्याला माफ, इटंला न्हाई. मातीला कुटं ठावं हाय तिचं काय हुनार ते?"

"मातीला नसेल, सरकारला आहे ना," शेठ म्हणाला. पण भट्टी पेटवायच्या दिवशी वाद नको, एवढं त्यालाही कळत होतं.

खाण भट्टीच्या मागेच, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होती. त्या वाटेच्या तोंडाशी बाभळीची एक वाळकी काटी रोवलेली होती आणि तिला लाल चिंधी बांधली होती. आसपासच्या गावांत ही जुनी रीत. बांधावरून, झाडावरून, विहिरीच्या पाळीवरून तंटा झाला की ज्याची तक्रार असेल त्याने तिथे काटी रोवायची. निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्यांनी त्या गोष्टीला हात लावायचा नाही, आणि तेवढ्या काळाचं देणंघेणंही धरायचं नाही. जो आधी काटी उपटेल तो हरला. त्याने समोरच्याचं आणि पंचांचं तोंड गोड करायचं. खुद्द चिमाजी पाटलांच्या आंब्याखाली त्यांच्या चुलतभावाने एकदा काटी रोवली होती. आंबे पिकले, पडले, कुजले, वास सुटला. पण पोरंसुद्धा त्या झाडाखाली फिरकली नव्हती.

मातीपट्टीचा कागद आला त्याच आठवड्यात ज्योतीरामाने काटी रोवली होती. तेव्हापासून खाणीतली मूठभर मातीसुद्धा त्याने घेतली नाही. गावाच्या पलीकडच्या स्वतःच्या तुकड्यातली माती गाढवांवरून आणायची, लांबून वळसा घालून. गाढवांच्या पाठी सोलवटल्या, कोंडाजी कुरकुरला, पण काटी जागची हलली नाही.

अंबूबाईने भट्टीच्या अंगाला कुंकवाची पाच बोटं ओढली. ज्योतीरामाने जळता पलिता आत सारला. आधी काहीच झालं नाही. मग आत काहीतरी तडतडलं, भट्टीने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि वरून धुराची पहिली पांढरी रेघ निघाली.

"धरलं!" कोंडाजी नाचायलाच लागला. "दादा, धरलं!"

*

भट्टीने चांगला पेट घेतल्यावर, एका दुपारी, रंगराव तलाठी सायकल ढकलत आले. पुढे चिमाजी पाटील आणि मागे कोतवाल. कोतवालाच्या हातात चुन्याची बादली होती.

ती बादली बघून शालनने आतून पाट आणला नाही, घोंगडी आणली. पाट दिला की माणूस जेवूनच उठतो. घोंगडीवरून लवकर उठतो, असा तिचा अनुभव होता.

"भाऊसाहेब, ताक घेता का?"

"आधी काम, मग ताक," रंगराव म्हणाले. ते जुन्नरकडचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र चावडीत बोलायचा. उभ्यानेच त्यांनी कागद वाचला. मातीपट्टी थकली, तिच्यावरचा दंड थकला, दंड आता पट्टीच्याही पुढे गेला, सबब ज्योतीराम कुंभार याचा विटांचा माल जप्त करण्यात येत आहे.

ज्योतीराम ऐकत होता. 'दंड' या शब्दापाशी त्याचं कपाळ आक्रसलं ते तसंच राहिलं.

"दंड कसला? वाद चालू हाय नव्हं?"

"वाद चालू आहे. दंडही चालू आहे."

"दोनी संगट कसं चालंल?"

"चालतं."

"आवं पर म्या काटी रोवली! त्या दिसापास्नं खाणीला हात लावल्याला न्हाई. तुमी सोता तिच्यावरनं सायकल घेऊन जाता!"

"जातो. मला वाटलं गुरं अडवायला लावली आहे." रंगरावांनी कागदाची घडी घातली. "हे बघ, अर्ज केला म्हणून दंड थांबत नाही. थांबवायचा तर तहकुबी मागावी लागते. त्याचा वेगळा अर्ज असतो. मागितली होतीस?"

ज्योतीरामाला कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा आठवला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला. त्याने टाक शाईत बुडवून विचारलं होतं, "तहकुबी पण लिहू का?" ज्योतीरामाला वाटलं, हा एका कागदाचे दोन करून पैसे काढतोय. त्याने छाती काढून सांगितलं होतं, "त्येची गरज न्हाई. काटी रोवलीय." अर्ज लिहिणाऱ्याने मान हलवली होती. काटी म्हणजे काय, हे त्यालाही कळलं नसावं.

हे त्याने बोलून दाखवलं नाही. पण शालनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं. पदर सारखा करून ती पुढे झाली.

"भाऊसाहेब, आमी जिंकलो तर?"

"तर पट्टी नाही आणि दंडही नाही."

"आन् हरलो तर?"

"निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा."

"निकाल कवा हाय?"

रंगराव धुराकडे बघायला लागले. "प्रांतसाहेबांची बदली झाली. नवे यायचेत."

"म्हंजे सायेब यीस्तवर बी आमचाच दंड वाढायचा?" कोंडाजी उसळला.

"दंड साहेबाची वाट बघत नाही."

"मंग भरून भांडता येतं का?" शालनने विचारलं.

"येतं की. तक्रार कायम ठेवून भरायचं. भरल्या दिवशी वाढ थांबते, निकाल तुमच्यासारखा लागला तर भरलेलं परत मिळतं."

"आदी पाया पडायचं आन् मग भांडायचं?" ज्योतीरामाचा आवाज चढला. "काटी रोवनाऱ्यानं सोता जाऊन पट्टी भरायची? म्हंजे काटी मीच उपटली की. पाटील, तुमी सांगा. तुमी उपटली आसती?"

चिमाजी पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "माझ्या आंब्याची गोष्ट येगळी."

"येगळी कशी?"

"आंबा सरकारचा नव्हता."

रंगरावांनी कोतवालाला खूण केली. कोतवाल भट्टीभोवती चुन्याची रेघ ओढत निघाला. जमिनीवर एक रेघ, आणि भट्टीच्या अंगावर कमरेएवढ्या उंचीला एक पट्टा. चुन्याचे थेंब अंबूबाईच्या कुंकवाच्या बोटांवर उडाले. म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कोतवाल गावातलाच, तो खाली मान घालून रेघ ओढत राहिला.

"न्या की मग!" कोंडाजी म्हणाला. "जप्त केली नव्हं? उचला! गाडी आणलीया का टोपली?"

कुडाच्या पलीकडे जमलेल्या बायका फिसकन हसल्या. रंगरावांचे कान लाल झाले.

"माल जागेवर राहील. त्याची जबाबदारी माझी. या रेघेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही."

"भाऊसाहेब," ज्योतीराम आता हळू आवाजात बोलला, "पेटती भट्टी हाय ती. बाळंतिणीवानी तिला बगावं लागतं. कुटं लिंपन सुटतं, कुटं भेग पडती."

"बाहेरून बघ."

ताक न घेताच ते गेले.

*

त्यानंतरचे दिवस ज्योतीरामाने चुन्याच्या रेघेबाहेर काढले. तो भट्टीभोवती फिरायचा. फिरून फिरून रेघेला लागून एक पायवाट पडली. भट्टीचा रंग, धुराचा वास, खालच्या तोंडातली धग, सगळं तो मान लांब करून बघायचा. लिंपणाचा एखादा पोपडा सुटताना दिसला की हात आपोआप पुढे व्हायचा आणि रेघेपाशी थबकायचा. आत धग बरोबर चढत होती. एवढी चांगली भट्टी त्याच्या हातून कधी लागली नव्हती, आणि ती आता त्याची नव्हती.

त्याचं एक गाढव रेघ ओलांडून भट्टीच्या उबेला जाऊन उभं राहिलं. कोंडाजी म्हणाला, "दादा, ह्ये बी गेलं जप्तीत." कुणी हसलं नाही तेव्हा त्याने स्वतःच गाढवाला शीळ घालून बाहेर बोलावलं.

इब्राहिम शेठच्या गाड्या आल्या आणि रिकाम्याच वळल्या. शेठ मागे राहिला. शालनने दिलेला चहा त्याने बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"ज्योतीराम, जप्तीचा माल मी उचलू शकत नाही. लिलावात दुसरा कुणी घेईल, कवडीच्या भावात. तुझी भट्टी जाईल, आणि मला तळवड्याचा भट्टीवाला धरावा लागेल. एकदा तो लागला की तुझ्याकडे परत येणं कठीण, हे आत्ताच सांगतो."

"सांगितलं त्ये बरं केलं."

"उचल द्यायला मी आजही तयार आहे."

ज्योतीराम खाणीच्या वाटेकडे बघत होता. काटीवरची चिंधी उन्हाने गुलाबी झाली होती. "शेठ, तुमच्या जमातीत कुनी चारचौघांत बोललेला शब्द माघारी घेतो का?"

"घेतो. पोटासाठी घेतो. आणि रात्री झोप लागत नाही." शेठने चहा एका घोटात संपवला. "पण पोरंबाळं झोपतात."

तो गेल्यावर शालन म्हणाली, "एक सांगू का?"

"नगं सांगू."

"सांगतेच. भट्टी आपली, माती आपली, आन् त्या वाळक्या काटीपायी—"

"ती काटी काडली तर माती आपली न्हाई ऱ्हात! तेच तर भांडान हाय!" तो एवढ्याने ओरडला की अंबूबाई आतून बाहेर आली. मग तो खाली बसला आणि हाताने ढेकळं फोडत राहिला. "काटी मी उपटनार न्हाई, शालन. भट्टी गेली तरी."

"मग कोन उपटनार?" ती म्हणाली. "सरकार?"

*

वारा आला तो दुपार कलताना, सांगवीच्या बाजूने. आधी नदीपलीकडचा रस्ता दिसेनासा झाला. मग लाल धुळीची भिंतच पाणी ओलांडून आली. पाऊस नव्हता, एक थेंब नव्हता, नुसता वारा.

नेमके त्याच वेळी रंगराव तलाठी पाटलांना घेऊन लिलावाची तारीख सांगायला येत होते. त्यांची टोपी उडाली. कोंडाजीने ती कुडाला अडकलेली पकडली, पण परत द्यायचं भान कुणालाच राहिलं नाही. कारण शालन किंचाळली.

"अवं! भेग!"

भट्टीच्या वाऱ्याकडच्या अंगाला, चुन्याच्या पट्ट्याच्या बरोबर खाली, लिंपणाचा पाट्याएवढा पोपडा सुटून पडला होता. आतून भगभगता लाल उजेड दिसत होता. वाऱ्याचा झोत आत शिरला आणि भट्टी गुरगुरायला लागली. धुराचा रंग पालटला. भेग वर सरकली, फाटत गेली, आणि तिच्यातून हातभर ज्वाळा बाहेर आली.

सगळे रेघेपर्यंत धावले. आणि तिथेच थांबले.

"बघता काय?" रंगराव ओरडले. "लिंपा! लवकर!"

ज्योतीरामाने हात पाठीमागे बांधले. "जप्तीचा माल हाय भाऊसाहेब. रेघंच्या आत पाय ठिवायचा न्हाई."

"मी सांगतोय ना, ठेव!"

"जबाबदारी तुमची हाय."

"अरे जळेल सगळं!"

"जळनार न्हाई. एका अंगाच्या इटा इतळतील, त्येंचा गोळा हुईल. दुसऱ्या अंगाच्या कच्च्या ऱ्हातील. मग लिलाव करा. चांगली किंमत यील."

रंगरावांचं तोंड पांढरं पडलं. मामलेदारापुढे उभं राहून गोळा झालेल्या विटांचा हिशोब देताना त्यांनी स्वतःला बघितलं असावं. त्यांनी हात जोडले नाहीत, पण हात जोडायच्या जागेपर्यंत आले. "ज्योतीराम! मी पाया पडू का तुझ्या?"

भट्टी फुटल्यासारखा आवाज झाला. आतल्या विटांचा एक थर खचला. तो आवाज ऐकल्यावर ज्योतीरामाचे हात आपोआप सुटले. तलाठी, पट्टी, प्रांत सगळं मागे राहिलं. त्याने रेघ ओलांडली आणि उघड्या हाताने पडलेला पोपडा भेगेवर दाबला. केस जळल्याचा वास आला.

"माती!" तो ओरडला. "ओली माती! शालन! कोंडा!"

शालन भिजवलेल्या मातीच्या ढिगाकडे धावली. ढीग कधीच संपला होता. तळाशी वाळून दगड झालेली ढेकळं होती. गाढवं पलीकडच्या तुकड्याकडे चरायला गेलेली. तिकडे जाऊन माती आणेपर्यंत काही उरलं नसतं.

"माती न्हाई!"

"खाणीत आहे की!" रंगराव ओरडले. "समोर खाण आहे, ओली माती आहे, जा ना!"

कोंडाजी पाटी घेऊन उताराकडे धावला. वाटेच्या तोंडाशी, काटीपुढे, तो खांब झाल्यासारखा थांबला. शालन त्याच्या मागे आली आणि तीही थांबली. कुडापलीकडच्या बायका घमेली घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. वाऱ्याने चिंधी फडफडत होती.

"आता काय झालं?"

"काटी," कोंडाजी म्हणाला.

"मग? काढ ती बाजूला!"

"मी न्हाई काडनार."

"तू काढ गं!"

शालनने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं की कशाचं कोण जाणे.

"वेडी का खुळी माणसं तुम्ही!" रंगराव धोतराचा सोगा खोचत उताराकडे धावले. चिमाजी पाटलांनी हात वर केला. "भाऊसाहेब, ती काटी—" म्हणून सुरुवातही केली. मग त्यांनी वळून भट्टीकडे पाहिलं, ज्योतीरामाच्या पाठीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

रंगरावांनी दोन्ही हातांनी काटी धरली. ती जमिनीत चांगली रुतलेली होती. त्यांनी पाय रोवून हिसका दिला, पुन्हा दिला. तळहातात काटे घुसले. ते कळवळले, शिवी हासडली, आणि तिसऱ्या हिसक्याला काटी बुडाशी असलेल्या मातीसकट वर आली. ती त्यांनी लांब फेकली.

"घ्या आता! हवी तेवढी घ्या!"

क्षणभर कुणी हललं नाही. मग कोंडाजीने अशी आरोळी ठोकली की नदीपलीकडे ऐकू गेली असेल, आणि सगळेच्या सगळे उतारावरून खाली सुटले. पाट्या, घमेली, लुगड्याचे ओचे, जे हाती येईल त्यात माती भरली गेली. हातोहात माती भट्टीपर्यंत येऊ लागली. ज्योतीराम ती घ्यायचा आणि थापायचा. माती थापताच वाफ निघायची, चर्र आवाज व्हायचा. वाळायच्या आत वर दुसरा थर. शालन त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि दोघं चार हातांनी लिंपायला लागली. रंगराव रांगेत होते. त्यांच्या आणि पाटलांच्या मध्ये एक घमेलं ये-जा करत होतं, आणि घमेल्याच्या काठावर रंगरावांचं रक्त लागत होतं.

"खालच्या तोंडाला दगडं लावा! वारा आत जाता कामा न्हाई!" ज्योतीराम हुकूम सोडत होता. "पाटील, तुमी हिकडं! भाऊसाहेब, नुसतं बगू नगा, दाबा!"

आणि तलाठी दाबत होते.

ज्वाळा आत गेली. मग उजेड गेला. मग भेगेच्या जागी नुसती ओली, काळी, बोटांचे ठसे उमटलेली माती राहिली. वारा होता तसाच होता, पण भट्टीचं गुरगुरणं बसलं आणि वरचा धूर पुन्हा सरळ पांढरा झाला.

ज्योतीराम तिथेच चुन्याच्या रेघेवर बसला. त्याच्या भुवया उरल्या नव्हत्या.

तेव्हा अंबूबाई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. हसता हसता ती चिखलात बसली.

"काटी निगाली रं ज्योत्या! सरकारनं काटी उपटली!"

ज्योतीरामाने मान वर केली. उताराकडे पाहिलं. तिथे नुसतं भोक होतं. मग त्याने रंगरावांच्या तळहातांकडे पाहिलं, आणि पाटलांकडे.

"पाटील, कुनी काडली?"

"आमच्या देखत," चिमाजी पाटील गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेबांनी काढली. दोन्ही हातांनी."

बायकांत एकच कालवा झाला. कोणी गुरव आळीत सांगायला धावलं. रंगराव एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. पाटलांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळी रीत सांगितली, आंब्यासकट.

"म्हणजे काय? मी हरलो?"

"तुमी सरकारचे. म्हंजे सरकार."

"सरकार असं हरत नाही!"

"गावापुरतं हरतं," पाटील म्हणाले.

रंगराव ज्योतीरामापुढे येऊन उभे राहिले. टोपी नाही, धोतर फाटलेलं, हात चिखल-रक्ताने माखलेले. आवाज मात्र त्यांनी चावडीतला काढला. "हे बघ, ही काटीबिटी कचेरीत चालत नाही. प्रांताकडे अर्ज आहे तसा आहे, आणि दंड काही थांबलेला नाही, सांगून ठेवतो!"

"नका थांबवू," ज्योतीराम म्हणाला. तो हसत होता. भाजलेल्या तोंडाने हसताना दुखत असूनही हसत होता. "दंड म्याच थांबवतो. उद्या यीऊन भरतो. पट्टी बी आन् दंड बी."

"भरतोस? मग इतके दिवस का नाही भरलास?"

"तवा काटी हुती."

*

मामलेदार कचेरीत तो इब्राहिम शेठबरोबर गेला. उचल शेठने दिली. कारकुनाने रक्कम घेतली, शिक्का उचलला आणि विचारलं, "वाद मिटला म्हणायचा तर?"

"वाद न्हाई मिटला," ज्योतीराम म्हणाला. त्याने ते वाक्य वाटभर घोकलं होतं. "तक्रार कायम ठिवून भरतोय. तसं लिवा."

कारकुनाने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "लिहा साहेब. माझ्या गाड्या थांबल्यात."

जप्ती उठली. भट्टी निवली. ती उघडली त्या दिवशी इब्राहिम शेठने दोन विटा एकमेकींवर आपटल्या आणि खणखणीत आवाज आला तसे समाधानाने त्याचे डोळे बारीक झाले. फुटलेल्या अंगाच्या विटा तेवढ्या वितळून काळ्या-निळ्या झाल्या होत्या. त्या कुणी घेईना. अंबूबाईने त्या दारापुढे लावून घेतल्या. लिंपणातून चुना उतरलेल्या विटांना मात्र शेठने नाही म्हटलं नाही. "गिलाव्याखाली सगळ्या सारख्याच," तो म्हणाला आणि गाड्या पिंपरीच्या रस्त्याला लागल्या.

पुढच्या हप्त्याला रंगराव तलाठी सायकल ढकलत आले. मागे कॅरिअरला फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. या खेपेला शालनने घोंगडी नाही, पाट मांडला.

त्यांनी फडकं सोडलं. आत गुळाची ढेप होती.

"हे सरकारतर्फे नाही," ते आधीच म्हणाले. "माझ्यातर्फे. चावडीत जाता-येता सगळे विचारतात, तोंड गोड कधी करता म्हणून. जगणं मुश्कील केलंय."

अंबूबाईने ढेप पुढे ओढली आणि दारापुढच्या काळ्या विटेवर आपटून फोडली. पहिला खडा तिने रंगरावांच्याच हातावर ठेवला. तळहातावर काट्यांच्या जुन्या खुणा होत्या.

"ही या हप्त्याची पट्टी," रंगरावांनी गूळ तोंडात टाकत कागद काढला. "मुदत आजपासून."

"आजच भरतो. तक्रार कायम ठिवून."

"ठेव बाबा, ठेव." ते लिहायला लागले.

"भाऊसाहेब," शालनने ताकाचा पेला पुढे करत विचारलं, "प्रांताकडनं काय कळलं का?"

"नवे साहेब आलेत. पण तुमचं प्रकरण काही अजून निघालं नाही. वेळ लागेल म्हणतात."

शालनने नवऱ्याकडे पाहिलं. तो उताराकडे बघत होता. कोंडाजी गाढवांना घेऊन सरळ वाटेने खाणीत उतरत होता, मोठमोठ्याने काहीतरी गात.

"लागू द्या की," ज्योतीराम गुळाचा खडा दाढेखाली फोडत म्हणाला. "आता आमचं काय वाढतंय?"